गाडीची पट्टी निघावी, पण रंग शाबूत राहावा!

जिंतूर हे चौरस्त्याचे गाव. परभणी, जालना, औंढा आणि येलदरी या बाजूंनी येणाऱ्या बोलेरो, क्रूझर आणि २०१९ साली कंपनीने बंद केलेल्या परंतु रस्त्यावर अद्याप धावणाऱ्या सुमो येथील गॅरेजमध्ये हात फिरवून घेतात व पुढच्या मालकाकडे जातात. डेंटर, पेंटर, सीटकव्हरवाले, रेडियमवाले असे आपले अनेक कारागीर बांधव या धंद्यावर पोट भरतात. अशा गाड्यांवर कारखान्यातूनच आलेल्या लांब पट्ट्या असतात. नव्या मालकाला त्या नको असतात, किंवा उन्हाने त्यांचे तुकडे पडलेले असतात. "काढून टाका" हे सांगणे सोपे; काढताना काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा लेख.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आपली पांढरी बोलेरो विकायला काढली होती. सौदा ठरला, बयाणाही हाती आला. घेणाऱ्याची अट एकच, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून गाडी साधी करून द्यावी. गॅरेजमध्ये त्या दिवशी उस्ताद नव्हते, विशीतला एक शिकाऊ मुलगा होता. त्याने दाढीच्या ब्लेडने पट्टी खरवडली आणि उरलेल्या गोंदावर एन.सी. थिनरचा बोळा फिरवला. पुढच्या दरवाजाचा रंग कारखान्याचा होता, तेथे ब्लेडच्या रेघा पडल्या. मागचा दरवाजा मात्र पूर्वी ठोकर लागून पुन्हा रंगवलेला होता. थिनर लागताच तेथला रंग सुरकुतला, बोळ्याबरोबर निघून आला आणि खालची पोटीन उघडी पडली. पोटीन पाहताच घेणाऱ्याला गाडी मोठ्या अपघातातली वाटली व त्याने बयाणा परत मागितला. सौदा मोडला. दोन्ही दरवाजे रंगवण्याचा खर्च त्या मुलाच्या पगारातून कापण्यात आला. हे आम्हाला पटले नाही. जे काम कोणी शिकवले नाही त्याचा दंड शिकाऊ पोराने का भरावा?

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. त्यांनी मुलाला जवळ बोलावून एवढेच म्हटले, "बेटा, ब्लेड ठेव खाली आणि बघ." गाडीची दुसरी बाजू त्यांनी आमच्यासमोर काढली. आम्ही पाहिले ते पुढे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे पट्टी चिकटवलेली आहे की रंगवलेली, हे ओळखणे. गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पट्टीच्या कडेवर नख फिरवावे. नख अडले तर बहुधा चिकटपट्टी असते. कोपरा उचलून पाहिला की शंका राहत नाही. नख अजिबात अडले नाही तर ती रेघ रंगाची, आणि वरून लॅकर मारलेली असण्याचा संभव आहे. अशी रेघ उष्णतेने निघत नाही, तिला पुन्हा रंगवणे हाच उपाय. बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघा हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. मद्रासच्या कारखान्यात एकाच घराण्यातील कारागिरांनी त्या वर्षानुवर्षे ब्रशने, हाताने ओढल्या. इंग्लंडच्या रोल्स-रॉईसवरील बारीक रेघही हातानेच ओढतात. असल्या रेघेवर कोणी हीट गन धरली तर आम्ही त्याला कारागीर म्हणणार नाही.

त्यानंतर पत्रा पुन्हा रंगवलेला आहे काय ते पाहावे. दरवाजाच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, कडेला मास्किंग टेपची रेघ, शेजारच्या पत्र्याहून किंचित वेगळी छटा या खुणा पेंटरला सांगाव्या लागत नाहीत. कारखान्याचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो व बरेच सोसतो. गल्लीत मारलेला एन.सी. रंग थिनरने केव्हाही विरघळतो आणि त्याच्या खालची तयारी कच्ची असेल तर पट्टीबरोबर रंगच उचलला जातो. असा दरवाजा दिसला की काम हाती घेण्यापूर्वी मालकाला बोलावून दाखवावा. मागाहून सांगितलेले कोणी ऐकत नाही.

आता उष्णता. पट्टीचे प्लॅस्टिक उन्हात वर्षानुवर्षे तापून कडक होते, म्हणून थंड असताना ओढले की तुकडे पडतात. थोडी ऊब दिली की प्लॅस्टिक व गोंद दोन्ही नरम येतात. उस्तादांनी घरचे केस सुकवण्याचे ड्रायर वापरले. हीट गनही चालते, पण ती एका जागी थांबवू नये. पत्र्यावर हात ठेवता येईल पण फार वेळ ठेववणार नाही, इतकी ऊब पुरे. वीज गेली असेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा पट्टीवर दाबून धरावा. हिवाळ्यात गाडी अर्धा तास उन्हात लावली तरी काम भागते. मे महिन्यात मात्र उलट. परभणी जिल्ह्याचे ऊन पंचेचाळीस अंशांना टेकते तेव्हा गडद रंगाचा पत्रा हात लावू देत नाही. अशा वेळी गोंद इतका पातळ होतो की पट्टी हातात येते आणि सगळा गोंद गाडीवर राहतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करावे.

टोक नखाने किंवा जुन्या सिमकार्डच्या प्लॅस्टिक तुकड्याने उचलावे. लोखंड लावू नये. मग पट्टी तिच्यावरच उलटी दुमडून, पत्र्याला लागून, सावकाश मागे ओढावी. सरळ आपल्याकडे खेचली तर रंगावर जोर येतो. ड्रायर ओढण्याच्या पुढे पुढे चालावा. उस्तादांना एका बाजूला दीड तास लागला. मुलगा म्हणाला, "उस्ताद, इतका वेळ?" उत्तर आले, "दरवाजा रंगवायला दोन दिवस लागतात, ते मोज."

पट्टी फारच कुजली असेल तर ड्रिल मशीनला लावायचे रबरी चाक मिळते. ते खोडरबरासारखे गोंद घासून काढते. ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेते, तेथवर ठीक. हेच चाक ग्राइंडरला लावणे म्हणजे दहा-अकरा हजार फेरे. चाक फुटून माणूस जखमी होईल, किंवा रंग जळेल. हलका हात, चाक सतत फिरते ठेवणे, आणि प्लॅस्टिक बंपर व पुन्हा रंगवलेला पत्रा यांच्यापासून ते दूर ठेवणे, ही पथ्ये पाळावीत.

उरलेल्या गोंदावर टर्पेंटाईन. प्रथम पेट्रोलच्या झाकणाआड थोडे लावून फडक्याला रंग येतो काय ते पाहावे. मग भिजवलेले फडके दोन-तीन मिनिटे गोंदावर ठेवून पुसावे आणि लगेच साबणाने धुवावे. थिनर नको. पेट्रोलही नको, त्याचा भडका उडायला एक ठिणगी पुरते. टर्पेंटाईनची बाटली उघडी असताना हीट गन चालू ठेवणे हा वेडेपणा आम्ही एकदा पाहिला आहे, दैव चांगले म्हणून निभावले.

पट्टी गेली तरी तिची सावली राहते. आजूबाजूचा रंग उन्हाने उतरलेला असतो, पट्टीखालचा मात्र ताजा. पांढऱ्यावर ती कमी दिसते, लालावर सर्वांत जास्त. कंपाउंड हाताने घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वरती लॅकर नाही असे समजावे. लॅकर असेल तर फार सांभाळून. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो आणि त्यात लॅकर चाळीस-पन्नासच, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पत्र्याच्या उठावाच्या कडांवर मशीन नेऊ नये, तेथे रंग सर्वांत लवकर झिजतो. शेवटी वॅक्स. सावली पूर्ण जाईल असा शब्द गिऱ्हाइकाला देऊ नये.

एक इशारा. मालवाहू व प्रवासी गाड्यांवर पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी अशी चमकणारी टेप असते. ती शोभेची पट्टी नव्हे. साफसफाईच्या भरात ती काढली तर पासिंगला गाडी अडकेल आणि रात्री रस्त्यावर जिवावर बेतेल. तसेच शोभेची पट्टी काढल्याने आर.सी. बुकातील रंग बदलत नाही. परंतु सावली झाकण्यासाठी गाडी दुसऱ्याच रंगात रंगवायची असेल तर आधी आर.टी.ओ. कचेरीत जावे लागते.

बोलेरोच्या पाठीमागची शेवटची पट्टी उस्तादांनी त्या मुलाकडून काढून घेतली. एकच तुकडा निघाला, तो त्याने गॅरेजच्या दारावर चिकटवून ठेवला आहे. पुन्हा रंगवलेला दरवाजा आधी दाखवून मालकाने गाडी महिन्याभराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली, किंमत थोडी कमी मिळाली. मुलाचा कापलेला पगार मात्र अजून परत मिळालेला नाही, असे तो आम्हाला परवा म्हणाला.