न्यायाधीश नेमले, पण दालन कोठे?

तालुका न्यायालयातील दाव्याची तारीख पुढे गेली की, त्याचे खापर बहुधा न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येवर किंवा वकिलांच्या मुदतवाढीच्या अर्जांवर फोडले जाते. ही कारणे खरी असली, तरी पुरेशी नाहीत. समन्स बजावण्यास बेलिफ नसणे, साक्ष टिपून घेण्यास लघुलेखक नसणे आणि न्यायाधीशांना बसण्यास दालनच नसणे, हीदेखील ग्रामीण भागातील विलंबाची तितकीच महत्त्वाची कारणे आहेत.

तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाच्या विस्तारित इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी देशातील कनिष्ठ न्यायालयांची स्थिती आकडेवारीनिशी मांडली होती. त्या वेळी न्यायिक अधिकाऱ्यांची २४,२८० पदे मंजूर होती. न्यायदालने मात्र २०,१४३ होती आणि त्यांपैकी ६२० भाड्याच्या जागेत होती. म्हणजे सर्व पदे भरली गेली असती, तरी चार हजारांहून अधिक न्यायाधीशांना दालन मिळाले नसते. २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नव्हते. शुद्ध पिण्याचे पाणी ५४ टक्के संकुलांतच उपलब्ध होते, तर प्राथमिक वैद्यकीय मदतीची सोय अवघ्या पाच टक्के ठिकाणी होती.

या गैरसोयींचा भार सर्वाधिक पडतो तो खेड्यातून येणाऱ्या पक्षकारांवर. पोटगीच्या अर्जासाठी लहान मुलासह आलेली महिला किंवा दिवसाची मजुरी बुडवून आलेला साक्षीदार दिवसभर व्हरांड्यात थांबतो आणि सायंकाळी पुढची तारीख घेऊन परततो. अशा चार-दोन फेऱ्यांनंतर साक्षीदार येईनासा होतो आणि खटला कमकुवत होतो. मग गैरसोयीचा प्रश्न न्यायाचाच प्रश्न बनतो.

एका न्यायाधीशामागे अनेक हात

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हेच तालुक्यात बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. जमिनीचे दावे, फौजदारी खटले, धनादेश न वटल्याची प्रकरणे, पोटगीचे अर्ज असे सारे काम एकाच दालनात चालते. ते पुढे सरकते कर्मचाऱ्यांच्या बळावर. बेलिफाने समन्स वेळेत न बजावल्यास प्रतिवादी हजर होत नाही. लघुलेखक नसल्यास साक्षी व निकालपत्रांचे काम रेंगाळते. नक्कल विभागात लिपिक कमी असल्यास निकालाची प्रमाणित प्रत उशिरा मिळते आणि अपिलाचे काम खोळंबते. त्यामुळे न्यायाधीशाचे एक पद भरले आणि कर्मचाऱ्यांची पदे रिक्त राहिली, तर त्या नेमणुकीचा पुरता उपयोग होत नाही.

जबाबदारी विभागलेली

राज्यघटनेच्या २३५ व्या अनुच्छेदानुसार कनिष्ठ न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. नवी पदे आणि निधी यांना मंजुरी मात्र राज्य सरकार देते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीशांची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो, तर इमारतींची कामे प्रामुख्याने सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्रपुरस्कृत योजना आहे. बहुतेक राज्यांसाठी तिचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात विभागला जातो. राज्याचा वाटा रखडला की काम रखडते. एकाच न्यायालयासाठी एवढी कार्यालये हलावी लागत असल्याने कोठे इमारत तयार असते पण कर्मचारी नसतात, तर कोठे न्यायाधीश येतात पण दालन नसते.

उपाय सुचविले गेले नाहीत, असे नाही. विधी आयोगाने १९८७ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीशांची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच वर्षांत हे उद्दिष्ट गाठण्यास सांगितले. २०११ च्या जनगणनेच्या आधारे मंजूर पदे मोजली, तरी हे प्रमाण २१ च्या आसपासच भरते. रिक्त पदे भरण्याचे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच घालून दिले. तर सर्व न्यायालयांत पुरुष, महिला, अपंग व तृतीयपंथीयांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये दिला. न्या. रमणा यांनी सुचविलेल्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा प्राधिकरणावर मात्र एप्रिल २०२२ मधील मुख्यमंत्री व मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत एकमत झाले नाही. राज्य पातळीवरील यंत्रणेचा पर्याय तेथे पुढे आला.

ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. शासकीय डॉक्टर किंवा बदली झालेला तपास अधिकारी यांची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे घेता आल्यास अनेक तारखा वाचू शकतात. तथापि अखंड वीज, भरवशाचे इंटरनेट आणि यंत्रणा हाताळणारा कर्मचारी नसेल, तेथे संगणक टेबलावरच पडून राहील.

यातून मार्ग काढायचा, तर नवे न्यायालय मंजूर करतानाच दालन, न्यायाधीशांचे निवासस्थान आणि कर्मचाऱ्यांची पदे यांना एकाच प्रस्तावात मान्यता देणे आणि निधीची तरतूद त्याच वेळी करणे आवश्यक आहे. त्याचबरोबर प्रत्येक तालुका न्यायालयातील मंजूर व रिक्त पदांची संख्या आणि रखडलेल्या बांधकामांची माहिती नियमितपणे जाहीर झाली, तर विलंब नेमका कोणत्या कार्यालयात होतो, हे पक्षकारांनाही कळू शकेल.