ऐंशीला गाडी का थरथरते?

गाडी थरथरते म्हटलं की गॅरेजात पहिला प्रश्न ठरलेला : ‘बॅलन्सिंग कधी केलंत?’ बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं, पैसे जातात आणि हायवेला काटा ऐंशीवर गेला की थरथर पुन्हा हजर. यात मेकॅनिकला बोल लावण्यात अर्थ नाही. थरथर सुरू होते एकीकडे आणि जाणवते भलतीकडेच. पण पत्र्यातून, सीटमधून, स्टिअरिंगमधून कशीही फिरून आली तरी सेकंदाला ती किती वेळा होते, हा आकडा मात्र बदलत नाही. सॉफ्टवेअर तोच पकडतं.

सीटच्या रुळावर कंपनं मोजणारा सेन्सर बसवायचा आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमधून त्याच क्षणाचा वेग व इंजिनाचे आरपीएम घ्यायचे. एकात एक मिसळलेली कंपनं सुटी करण्याचं गणित जोसेफ फूरिए यांचं. संगणकाला ते झटपट जमावं अशी रीत कूली आणि ट्युकी यांनी 1965 साली मांडली. पडद्यावर मग प्रत्येक कंपनाचा वेगळा उंचवटा दिसतो.

मागच्या चाकांवर चालणारी एखादी जीप घ्या. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. टायरचा घेर 2 मीटर असेल तर चाकाचे सेकंदाला 11.1 फेरे होतात. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4 असेल तर प्रोपेलर शाफ्टचे 44.4. शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजातला ‘क्रॉस’, बिघडला की बहुधा फेऱ्याला दोन झटके देतो : 88.9. इंजिन 2250 आरपीएमवर असेल तर क्रँकशाफ्टचे फेरे 37.5. डायरेक्ट गिअरमध्ये मात्र इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, संशयित दोन आणि आकडा एक. तेव्हा वेग तोच ठेवून गिअर बदलायचा. इंजिनाचा उंचवटा सरकतो, शाफ्टचा जागचा हलत नाही.

हे काम मोबाइलचं ॲपही करतं, पण त्यात एक मजेशीर फसगत आहे. सेन्सर सेकंदाला 100 नोंदी घेत असेल तर त्याला 50पर्यंतचीच कंपनं खरी दिसतात. त्यावरची आधीच गाळली नाहीत तर ती खोट्या आकड्याने उमटतात : 100 वजा 88.9, म्हणजे 11.1. क्रॉसचा गुन्हा थेट चाकाच्या नावावर! मग करा पुन्हा बॅलन्सिंग. वेग 70वर आणला की हे सोंग उघडं पडतं. उंचवटा खरंच चाकाचा असेल तर 9.7वर उतरतो, क्रॉसचा असेल तर उलटा 22.2वर चढतो.

आणि उंचवटा चाकाचाच निघाला तरी चारांतलं कोणतं चाक, हे त्यावरून कळत नाही. पुढची चाकं मागे घालून थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये जाते का, ते पाहावं लागतं. शिवाय वजन कमीजास्त असलेलं चाक आणि गोलाई बिघडलेला टायर, दोघंही फेऱ्याला एकदाच हादरा देतात. इथे जॅक लावायचा, टायरला डायल गेज टेकवायचा आणि चाक हाताने फिरवायचं. दीड-दोन मिलिमीटरचा चढउतार निघाला तर वजनं ठोकून फार फरक पडत नाही. टायर रिमवर फिरवून बसवावा, नाहीतर बदलावा लागतो.