खानदेशी गारठा आणि दुचाकीस्वाराचे हातपाय

खानदेशची ओळख उन्हाने होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून येथील घरांत माठ, कूलर आणि डोक्याला बांधायचे उपरणे यांची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चोख असते. थंडीची तयारी मात्र बहुधा एक जुना स्वेटर आणि एक मफलर एवढ्यावर संपते. वास्तविक डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की धुळ्याचे नाव राज्यातील अतिथंड ठिकाणांत झळकू लागते आणि जळगावचे किमान तापमानही एक आकड्यावर उतरते. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला थंडीचा फटका बसू नये म्हणून शेतकरी रात्री बागेच्या बांधावर पाचोळा पेटवून धूर करतात. केळीच्या झाडाची एवढी काळजी घेणारा हाच माणूस पहाटे सहा वाजता उघड्या हातांनी आणि पायांत चप्पल घालून मोटारसायकलला किक मारतो, हे थोडे नवलाचेच.

पहाटेचा रस्ता या प्रदेशात कधी ओस नसतो. दुधाच्या कॅन लटकवलेले गवळी, भाजीबाजार गाठणारे शेतकरी, खेड्यावरच्या शाळेत रुजू व्हायला निघालेले शिक्षक, वसुलीला किंवा माल पाहायला निघालेले व्यापारी, महाविद्यालयाचे विद्यार्थी, अशा कितीतरी जणांचा दिवस दुचाकीवर सुरू होतो. जळगाव ते धुळे हे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे असे टप्पे घेत जाते. मध्यम वेगाने गेले तरी दोन तास लागतात, आणि दोन तास वारा अंगावर घेणे ही साधी गोष्ट नाही.

वाऱ्याचा हा हिशेब प्रथम समजून घ्यायला हवा. शरीराभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो. स्थिर हवेत तो टिकतो, वारा तो हिरावून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठते हे मोजले. त्यांचा अभ्यास १९४५ साली प्रसिद्ध झाला. २००१ साली अमेरिका व कॅनडाने ते गणित सुधारले. त्या सूत्राप्रमाणे हवेचे तापमान ८ अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ३ अंशांहूनही कमी तापमान असल्यासारखे जाणवते. हवा अगदी स्थिर असली तरी ५० च्या वेगाने जाणारी गाडी तेवढा वारा स्वतःच निर्माण करते. समोरून वारा आला तर त्यात आणखी भर पडते. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. वारा शरीरातील उष्णता लवकर नेतो, पण बोट हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. म्हणून खानदेशात बोटे गोठून काळी पडण्याचे, हिमदंशाचे भय नाही. भय वेगळे आहे, आणि ते ब्रेकच्या दांडीशी निगडित आहे.

थंडी जाणवताच शरीर हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. घरातील धान्य अपुरे पडले की पाहुण्यांचे ताट आधी कमी व्हावे, तसा हा प्रकार. बोटांत स्वतःचे स्नायू जवळजवळ नाहीत. त्यांना हलवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात आहेत आणि दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी ते बोटे ओढतात. त्यामुळे बोटांची ऊब सर्वस्वी रक्तावर अवलंबून असते. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांखाली गेले की सफाई कमी होते, आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. अशा हाताने ब्रेक दाबायला केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तर ५० च्या वेगातील गाडी तेवढ्यात सात मीटर पुढे गेलेली असते. पहाटेच्या धुक्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे जाणाऱ्याला सात मीटरचे मोल सांगावे लागत नाही.

या रस्त्याची आणखी एक खोड आहे. जळगावहून धुळ्याकडे जाताना गाडीचे तोंड पश्चिमेकडे असते. वारा उत्तरेचा असेल तर तो उजव्या अंगावर येतो. उजवा हात हाच ॲक्सिलरेटरचा आणि पुढच्या ब्रेकचा, उजवा पाय हाच मागच्या ब्रेकचा. डावा हात क्षणभर टाकीआड किंवा मांडीखाली घेता येतो, उजव्याला ती मुभा नाही. म्हणून धुळ्याला जाणाऱ्याने उजव्या हाताची काळजी अधिक घ्यावी. शिवाय रात्रीची थंड, जड हवा सखल भागात साचते. बांभोरीजवळचा गिरणेचा पूल किंवा पुढे एखाद्या नाल्याची उतरण आली की गारठा एकदम झोंबतो, त्याचे कारण हेच. दिवसातील सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या सुमारास असते. जानेवारीत येथे सूर्य सात वाजून काही मिनिटांनी उगवतो. निघण्याची वेळ हाती असेल तर तास-दीड तास उशिरा निघणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. पण दूध आणि शाळा कोणासाठी थांबत नाहीत.

उपायांचा आरंभ हातमोज्यांपासून करावा असे कोणालाही वाटेल. तो छातीपासून करावा. धड उबदार राहिले की शरीर हातापायांकडे रक्त मोकळेपणाने सोडते. छाती गार पडली तर कितीही महाग हातमोजे आतून थंडच राहतात, कारण मोजा उष्णता निर्माण करत नाही, असलेली धरून ठेवतो. लोकरीचा स्वेटर स्थिर हवेत उत्तम, पण त्याच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो. म्हणून स्वेटरवर वारा अडवणारे जर्किन हवे. पावसाळी कोटसुद्धा चालतो. काहीच नसेल तर स्वेटर आणि शर्ट यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या छातीवर ठेवाव्यात. फ्रान्सच्या सायकल शर्यतीत घाटमाथ्यावरून उतरताना स्वार हेच करीत आले आहेत. मान आणि मनगट ही दोन दारे बंद हवीत. मफलरची टोके जर्किनच्या आत खोचलेली असावीत. मोकळे टोक, ओढणी किंवा पदर चाकात अडकून झालेले अपघात कोणत्याही गावात ऐकायला मिळतात.

आता हात. हातमोजे निवडताना जाडीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : वारा अडतो का, बोटांना आत थोडी हालचाल करता येते का, आणि मनगटावर ते बाहीच्या वर-खाली नीट बसतात का. घट्ट हातमोजा रक्त अडवतो आणि स्थिर हवेला जागा ठेवत नाही. एकावर एक दोन आवळ हातमोजे चढवणाऱ्याची बोटे म्हणूनच अधिक गारठतात. आत मऊ पातळ आणि बाहेर सैल, वारारोधक अशी जोडी चांगली.

येथे जैन कुटुंबांपुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. दुचाकीचे हातमोजे म्हटले की दुकानदार आधी चामड्याचे काढतो, आणि आतल्या पातळ अस्तरासाठी रेशमाची शिफारस करतो. चामड्यामागे पशुहत्या आहे, तर नेहमीचे रेशीम कोशातील जिवांसह कोश उकळून मिळते. ज्या घरांत दोन्ही वर्ज्य आहेत त्यांनी थंडी सोसावी असे मात्र मुळीच नाही. बाहेरून विणीचे नायलॉन किंवा पॉलिस्टर, तळव्याला कृत्रिम चामडे, आत फ्लीसचे अस्तर असे हातमोजे आता सहज मिळतात आणि ओले झाल्यावर चामड्यापेक्षा लवकर वाळतात. रेशमी अस्तराचे काम पातळ ॲक्रिलिक मोजा तितक्याच निगुतीने करतो. खरेदी करताना आतील चिठ्ठी वाचावी. बाहेरून कापडी दिसणाऱ्या हातमोज्याच्या तळव्याला अस्सल चामड्याचा तुकडा असू शकतो. अगदीच अडले, तर साध्या विणीच्या मोज्यांवर भांडी घासण्याचे मोठ्या मापाचे रबरी मोजे चढवावेत. दिसायला ते विचित्र, पण वाऱ्याचा एक कणही आत जात नाही. तास-दीड तासानंतर आत घाम साचतो, एवढा त्यांचा दोष.

हातमोज्यांपेक्षाही गुणकारी वस्तू म्हणजे हँडलवर चढवायची पिशवी. उत्तर भारतात हिवाळ्यात ती दुचाकीवर सर्रास दिसते. खानदेशात अजून लोक तिला हसतात, हे दुर्दैव. मूठ, ब्रेक आणि क्लच यांना वेढणारी, आतून अस्तर लावलेली रेक्झिनची ही पिशवी कोणताही सीट-कव्हर शिवणारा कारागीर शिवून देऊ शकतो. पिशवीत हात असला की पातळ हातमोजे पुरतात आणि ब्रेकची जाण शाबूत राहते. शिवून घेताना दोन दक्षता आवश्यक आहेत. तोंड एवढे रुंद असावे की हात तत्काळ बाहेर काढता येईल, आणि कापड वाऱ्याने मागे रेटले गेले तरी ब्रेकची दांडी दाबली जाऊ नये किंवा ॲक्सिलरेटर अडकू नये. यासाठी गाडी उभी असताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. विजेवर तापणाऱ्या मुठीही मिळतात. त्या साधारण ३० ते ५० वॅट वीज घेतात, आणि १०० सीसीच्या गाडीला दिवा सतत चालू ठेवून तेवढी वीज उरतेच असे नाही. त्या तळवा तापवतात, वारा तर हाताच्या पाठीवर लागतो.

पायांची कथा थोडी निराळी. स्कूटरला पुढे पत्र्याचा आडोसा असल्याने पाय बचावतात, मोटारसायकलवर ते सरळ वाऱ्यात असतात. लेगगार्डला रेक्झिनचा किंवा जाड ताडपत्रीचा पडदा घट्ट बांधला की गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा वारा तुटतो. पडदा इंजिनाच्या तोंडावर येऊ देऊ नये, त्याला थंड हवेची गरज असते. जाळीचे खेळाचे बूट थंडीत चपलेपेक्षा फारसे उपयोगी नाहीत. बंद, कृत्रिम चामड्याचा किंवा जाड कॅनव्हासचा बूट घ्यावा, नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठा, म्हणजे जाड मोज्यासह बोटे हलवता येतील. फार जाड बूट गिअरच्या दांडीखाली शिरत नाही. आपल्याकडील बहुतेक गाड्यांना टाच-चवडा अशी दुहेरी दांडी असते, तेव्हा वरचा गिअर टाचेने दाबून टाकण्याची सवय करावी. दोन मोज्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालण्याची जुनी युक्ती वारा अडवते, मात्र पोहोचल्यावर आतला मोजा बदलावा लागतो.

पोटाचाही या उबेशी संबंध आहे. चौविहार पाळणाऱ्यांचे जानेवारीतील शेवटचे अन्नपाणी संध्याकाळी सहाच्या सुमारास होते आणि नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, येते जवळजवळ आठला. साडेसहाला जळगाव सोडणारा श्रावक चौदा तासांच्या निराहार, निर्जळ अवस्थेत सर्वांत थंड वेळ रस्त्यावर काढतो. निरोगी शरीर हे सहज पेलते, पण अन्नपचनाची ऊब त्या वेळी नसते, हे ध्यानात घेऊन एक कपडा अधिक घालावा. आदल्या संध्याकाळी बाजरीची भाकरी, तूप, तीळ असे दमदार जेवण असावे. घरात उकाळलेले पाणी रोजच असते. ते थर्मासमध्ये भरून घ्यावे, सोबत सुंठ घातलेला मेथीचा लाडू, आणि पच्चक्खाण पारण्याची वेळ होताच वाटेतल्या गावी थांबावे.

थांबल्यावर अनेकजण हात इंजिनावर किंवा सायलेन्सरजवळ धरतात. बधिर बोटांना चटका कळत नाही, मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांना तर मुळीच नाही. गारठलेली बोटे एकदम आगीजवळ नेली की त्यांवर लाल, खाजणारी सूजही येऊ शकते. हात काखेत धरावेत, खांद्यापासून गोल फिरवावेत, पायांवर उड्या माराव्यात. बोटे पांढरी पडून मग निळी-लाल होत असतील, तर तो रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो. फ्रेंच वैद्य मॉरिस रेनॉ यांनी १८६२ साली त्याचे वर्णन केले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. अशांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, गोळी मात्र मनाने बंद करू नये. तंबाखू आणि विडी रक्तवाहिन्या आणखी आकसतात. शेकोटीपाशी पेटवलेल्या विडीने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे.

मुलांविषयी मात्र कोणतीही सवलत नको. लहानग्याला टाकीवर पुढे बसवले की वडिलांचा वारा तेच अडवते. बाप म्हणतो आज थंडी कमी आहे, आणि मूल तोंडाने काही बोलत नाही. ४ वर्षांखालील मुलासाठी सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा केंद्राचा नियम २०२२ साली अधिसूचित झाला आहे. मूल मागे, दोघांच्या मध्ये बसावे. एका बाजूने बसणाऱ्या स्त्रियांचे पाय पूर्ण उघडे राहतात. त्यांच्यासाठी बूट-मोजे ही फॅशनची बाब नाही, आणि साडीवर बूट दिसले तर दिसू द्यावेत.

दहा वाजले की धुळ्याच्या बाजारात ऊन चांगले तापू लागते. पहाटे ८ अंशांवर असलेला पारा दुपारी २८ पर्यंत चढणे येथे नेहमीचे आहे. सकाळचे मोजे, हातमोजे त्या वेळेपर्यंत घामाने दमट झालेले असतात. ते डिक्कीत कोंबू नयेत, दुकानाच्या मागच्या खिडकीत उलटे करून वाळत घालावेत आणि मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवावा. परतताना पारोळा मागे पडेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि एरंडोलच्या पुढे वारा पुन्हा सुरू झालेला असतो. या वेळी तो डाव्या हातावर येतो.