मोटारीची ठिणगी

आजच्या भाषणाचा विषय अगदीं बोटाएवढा आहे. मोटारीच्या इंजिनांत ठिणगी पाडणारा जो प्लग असतो, ज्याला सर्व मिस्त्री ‘स्पार्क प्लग’ म्हणतात, तो घरच्या घरीं कसा बदलावा एवढेंच मला सांगावयाचें आहे. पण या बोटभर वस्तूपायीं बोदवड येथें आमच्या अंगणांत एक सुरेख गाडी चार दिवस उभी राहिली, आणि तो दोष सर्वस्वीं माझा होता. म्हणून आधीं माझी चूक सांगतों आणि मग रीत सांगतों.

बोदवड हें जळगांव जिल्ह्यांतील, भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें गांव. भोंवतालचा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. हंगामांत जिनिंगकडे कापसाचीं वाहनें जाऊं लागलीं, म्हणजे हवेंत तंतू आणि रस्त्यांत धूळ यांचेंच राज्य असतें. माझ्या पुतण्याजवळ दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी, कार्ब्युरेटरची स्पोर्ट्‌स मोटार आहे. ती या हवेंत हिंवाळाभर धांवली आणि फाल्गुनांत एके दुपारीं गचके देऊं लागली. “काका, प्लग गेले असतील, आतांच बदलूं या,” असें तो म्हणाला. गाडी नुकतीच भुसावळहून आली होती. इंजिन हात लाववत नव्हतें. तरी मीं पाना लावला. तीन प्लग निघाले. चवथा करकरत निघाला, आणि त्याच्याबरोबर सिलिंडरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यांतील आटेही सोलून बाहेर आले!

दुसऱ्या दिवशीं एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं भोंकाकडे पाहण्याआधीं मीं बाजूला टाकलेले प्लग उचलले, उजेडांत धरले आणि म्हणाले, “प्लग चांगले व्हते, भाऊ. गाडीचं नाकच बुजेल आहे.” हवा गाळण्याची जाळी उघडून पाहिली, तों ती कापसाच्या तंतूंनीं आणि धुळीनें गच्च भरलेली! नव्या आट्यांची बांगडी बसवून भोंक दुरुस्त व्हावयास चार दिवस लागले. प्लगांनीं आजार सांगितला होता. मींच तो वाचला नाहीं.

ही ठिणगी करते तरी काय? इंजिनांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबलें जातें. तें नेमक्या क्षणीं पेटवावयाचें असतें. बॅटरीचा दाब केवळ १२ व्होल्ट. कॉइलमध्यें तो हजारों व्होल्टांपर्यंत चढतो, आणि प्लगाच्या टोंकाशीं असलेल्या, सुमारें मिलिमीटरभर फटींतून वीज उडी मारते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल, तर चार धांवांच्या पद्धतींत प्रत्येक प्लग सेकंदाला ५० वेळां ठिणगी पाडतो. पॅरिस येथें लेन्वार यानें १८६० सालीं आपलें गॅसचें इंजिन विजेच्या ठिणगीनें चालविलें; पुढें १९०२ मध्यें बॉश यांच्या कारखान्यांतील होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याजोगा प्लग सिद्ध केला, तेव्हांपासून मोटारीला विश्वासाची ठिणगी मिळाली.

आणखी एक गोष्ट आपणां श्रोत्यांच्या जवळची आहे. हर्ट्‌झ या शास्त्रज्ञानें १८८७-८८ च्या सुमारास ठिणगीपासूनच विद्युत्‌लहरी निर्माण करून दाखविल्या. म्हणजे प्लगाची ठिणगीही एक लहानसें प्रक्षेपणकेंद्रच होय! गाडींतल्या रेडिओवर कधीं कधीं जी तडतड ऐकूं येते, ती याचमुळें. ती दाबण्यासाठीं प्लगाच्या पोटांत सुमारें ५,००० ओहमचा अवरोध घातलेला असतो. तसा प्लग सांगितला असतां साधा बसविल्यास गाणें बिघडतें, आणि नव्या गाड्यांतील विजेच्या यंत्रणेलाही बाध येऊं शकतो.

स्पोर्ट्‌स मोटारीचें वेगळेपण दोन गोष्टींत. पहिली म्हणजे इंजिनाची जागा. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या लहान कारखान्यानें जी ‘रोडस्टर’ घडविली, तिचें चार सिलिंडरांचें इंजिन पुढें असे. असल्या गाडींत प्लग हातासरशीं सांपडतात. उलट २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेनें जी ‘अवंती’ मांडली, तिचें इंजिन आसनांच्या पाठीमागें आहे. तेथें हात पोंचणेंच कठीण. ज्या गाडींत प्लगापर्यंत जाण्यासाठीं दुसरे भाग उतरावे लागतात, तिच्या वाटेस नवख्यानें जाऊं नये. दुसरी गोष्ट उष्णतेची. प्लगाच्या चिनी मातीचें नाक लांब असलें तर तो उष्णता धरून ठेवतो, आंखूड असलें तर ती लवकर बाहेर टाकतो; पहिल्यास ‘गरम’ आणि दुसऱ्यास ‘थंड’ प्लग म्हणतात. जोरानें चालणाऱ्या इंजिनाला बहुधा थंड प्लग लागतो. म्हणून दुकानदार ‘हा चालेल’ म्हणाला तरी गाडीच्या पुस्तकांत दिलेलाच क्रमांक मागावा.

आतां रीत. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि काम सकाळीं करावें. खानदेशच्या उन्हाळ्यांत तर दुपारीं या कामास हात लावूं नये. किल्ली काढून घ्यावी. बॅटरीची ऋण तार सोडावी. प्लगाच्या तारांवर १, २, ३, ४ असे आंकडे चिकटवावे. तार बदलली तर ठिणगीचा क्रमच चुकतो. तार ओढूं नये. तिच्या टोंकाची रबरी टोपी धरून किंचित्‌ पिळून काढावी. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते. तिची जोडणी व बोल्ट सोडून ती सरळ वर उचलावी. प्लग हलविण्यापूर्वीं खळग्यांतील धूळ पंपाच्या हवेनें फुंकून टाकावी. त्या वेळीं डोळ्यांवर चष्मा असावा. नाहीं तर प्लग निघतांच ती धूळ सिलिंडरांत जाते. प्लग अडला तर जोर करूं नये. तें काम मिस्त्रींवर सोपवावें.

प्लग निघाले कीं ते टाकूं नका. कागदावर क्रमानें मांडा आणि वाचा. टोंक फिकट तपकिरी किंवा करडें असेल, तर त्या सिलिंडराची प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आमच्या गाडीचें हेंच झालें होतें. टोंक तेलानें ओलें असेल, तर पिस्टनच्या कड्या किंवा व्हॉल्व्हचे मार्ग झिजले असण्याचा संभव आहे. नवा प्लग घालून तें दुखणें बरें होत नाहीं. टोंक पांढरें पडून फोड आले असतील, तर इंजिन फाजील तापत आहे, किंवा प्लग चुकीचा आहे. ती गाडी तपासल्यावांचून चालवूं नये. एकच प्लग इतर तिघांहून निराळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरांत शोधावा.

नवा प्लग बसविण्यापूर्वीं त्याची फट पात्यांच्या मापानें तपासावी व पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावी. इरिडियम वा प्लॅटिनमच्या प्लगाचें टोंक फार नाजूक असतें. त्याची फट उगीच वांकवूं नये. मग प्लगाच्या मागच्या टोंकास वीतभर रबरी नळी लावावी आणि बोटांनीं फिरवीत तो आंत उतरवावा. आटे वांकडे लागले, तर नळीच घसरते, आटे वांचतात. पान्यानें सुरुवात केली तर हा इशारा मिळत नाहीं. हातानें पूर्ण बसल्यावर, वायसर असलेला नवा प्लग पान्यानें सुमारें अर्धा फेराच आवळावा. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगाला तर एका फेऱ्याचा सोळावा हिस्सा पुरे. जवळ मापाचा पाना असेल, तर पुस्तकांत दिलेला आंकडा प्रमाण मानावा. फार आवळल्यानें प्लग अधिक चांगला चालत नाहीं. आटे मात्र जातात.

साधे प्लग लवकर झिजतात, इरिडियमचे कितीतरी अधिक टिकतात. नेमका काळ पुस्तकांत असतो. डिझेलच्या आणि विजेच्या गाडीला ठिणगीचा प्लगच नसतो, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.

आमची गाडी सध्यां उत्तम चालते. तीन जुने प्लग साफ करून पुन्हां बसविले. चवथ्या जागीं तेवढा नवा घातला, आणि हवेची जाळी बदलली. आटे सोलून आलेला तो चवथा प्लग मात्र मीं फेंकला नाहीं. तो माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. पुतण्या हल्लीं गाडींतलें कांहीं बिघडलें म्हणजे पाना मागत नाहीं. “काका, आधीं पाहूं या,” असें म्हणतो.