मनाचे माप

जयपूरच्या एखाद्या महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयांच्या निवडीचा. इतिहास, अर्थशास्त्र ही नावे घरात परिचयाची असतात. मानसशास्त्राचे नाव निघाले की मात्र दोन समजुती आड येतात. हा विषय घेतल्याने दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते, ही एक. आणि पदवी मिळताच मनोरुग्णांवर उपचार करता येतात, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर हा विषय घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

मग हे शास्त्र शिकविते तरी काय? लाइपझिग येथे १८७९ मध्ये वुंट याने मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेव्हापासून या अध्ययनाचा कणा आहे प्रयोग. दोन सारख्या लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना बाणाची पाती आत वळलेली, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. दुसरी लांब दिसते. पट्टी लावून दोन्ही सारख्या असल्याची खात्री करून घेतली, तरीही ती लांबच दिसते! विद्यार्थी हा प्रयोग अनेकांवर करतो, प्रत्येकाची चूक मोजतो, सरासरी काढतो. मनातले ओळखण्याची विद्या शिकायला आलेल्याला पहिला धडा मिळतो तो हा, की स्वतःच्या डोळ्यांवरही विसंबू नये. म्हणूनच या विषयात संख्याशास्त्र अटळ आहे. गणित चुकविण्यासाठी इकडे वळणाऱ्याने हे आधीच जाणावे.

परंतु मोजणे पुरेसे नाही. माप माणसाला बसले पाहिजे. याचे उत्तम उदाहरण जयपुरातच घडले आहे, ते मात्र शरीराचे. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालून वापरायचा. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो; त्याला तो पाय निरुपयोगी. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा ‘जयपूर पाय’ सिद्ध केला, तो या बसण्याउठण्याचा विचार करून.

मनाच्या मापाचेही असेच आहे. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साह्य देता यावे, म्हणून बिने याने १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धिकसोटी रचली. ती नुसती भाषांतरित करून भागत नाही. होडीच्या चित्रातील उणीव कोकणातले पोर चटकन दाखवील. मारवाडच्या वाळवंटातले पोर गप्प राहील. ते मंद आहे असे नव्हे, त्याने होडीच पाहिलेली नाही. धारवाडच्या वि. वि. कामत यांनी बिने-कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी संस्करण केले व त्याविषयीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला, तो हीच अडचण जाणून. त्या कसोटीची प्रमाणके आता जुनी झाली, असा आक्षेप आजचे अभ्यासक घेतात, तोही रास्तच आहे. चुकीच्या मापाने एखाद्या मुलावर मंदबुद्धीचा शिक्का बसला, तर त्याचे सारे आयुष्य वेगळ्या वाटेला लागते.

राहिला उपजीविकेचा प्रश्न. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले विशेष शिक्षण घेऊन तिच्या नोंदवहीत नाव दाखल करावे लागते, सामान्य बी. ए. पदवी त्याला पुरी पडत नाही. शिक्षण, समुपदेशन, कर्मचाऱ्यांची निवड, संशोधन या वाटा आहेत. पण बहुतेक वाटांवर पुढील शिक्षणाची वर्षे हिशेबात धरावी लागतात. पालकांनी हा हिशेब प्रवेशाच्या वेळीच मांडावा, तीन वर्षांनंतर नव्हे.

ज्याला माणसांविषयी कुतूहल आहे, पण आपले मत पुराव्यापुढे मागे घेण्याचीही तयारी आहे, त्याने हा विषय निःशंक घ्यावा. केवळ लोकांची मने जिंकण्याची हौस असेल, तर तिला पदवीची गरज नाही.