गाव पांगले की पाइपलाइन लांबते

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातले जुने गाव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले केदारेश्वराचे देऊळ आणि गावातला किल्ला पाहायला लोक इथे येतात, कोरीव मूर्ती पाहतात आणि परत जातात. मराठवाड्यातल्या अशा जुन्या गावांत पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे गावठाणाची बांधणी. भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, सावलीच्या बोळी, पार, बाजाराची जागा, आड, देऊळ, मशीद, सुतार-लोहाराचे काम, सगळे पायी फिरण्याच्या अंतरात. शेवटचे घर संपले की लगेच रान सुरू. काळी जमीन पोट भरते म्हणून तिच्यावर घर बांधायचे नाही, हा व्यवहार त्या बांधणीमागे होता.

आता मराठवाडाभर चित्र उलटे दिसते. गावठाणातले वाडे वारसांच्या वादात ढासळत आहेत आणि नवी घरे फाट्यावर, रस्त्याच्या कडेने, उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या रानात आखलेल्या बिगरशेती (एनए) प्लॉटवर उभी राहत आहेत. परळी, अंबाजोगाई, लातूर कुठेही जा, शहराच्या आधी तीन-चार किलोमीटर प्लॉटिंगच्या कमानी लागतात. गाव मोठे झाले, असे आपण अभिमानाने म्हणतो. बऱ्याचदा ते मोठे झालेले नसते, नुसते पांगलेले असते.

नगरनियोजनात याच्या उलट विचाराला आटोपशीर शहर म्हणतात. कमी जागेत नीट वसलेले, राहणे, शिकणे, खरेदी आणि काम जवळजवळ असलेले, पायी आणि एसटीने चालणारे शहर. जॉर्ज डँट्झिग आणि थॉमस साटी या दोन गणितज्ञांनी 1973 साली याच नावाचे पुस्तक लिहिले आणि पुढे जगभर त्यावर चर्चा झाली. आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की काही ठरलेली वाक्ये ऐकू येतात. ती एकेक करून तपासली पाहिजेत, कारण येत्या वीस वर्षांत आपली गावे कशी वाढणार ते या वाक्यांवरच ठरते आहे.

“आपल्याकडे जागा रग्गड आहे, दाटीत कशाला राहायचं?”

जागा स्वस्त असेल, पण त्या जागेपर्यंत पाणी, वीज आणि रस्ता नेणे स्वस्त नसते. साधा हिशेब करून पाहा. शंभर घरांची वस्ती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पन्नास-पन्नास घरे. प्रत्येक घराचे तोंड वीस फुटांचे असेल तर रस्ता लागतो हजार फूट. तेच तोंड साठ फुटांचे केले तर रस्ता तीन हजार फूट. रस्त्याखालची पाण्याची लाइन, कडेची नाली, विजेचे खांब, दिवे, घंटागाडीची फेरी, सगळे तिप्पट. पट्टी भरणारी घरे शंभरची शंभर. त्यात लेआउट एका वर्षात भरत नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेले प्लॉट वर्षानुवर्षे रिकामे पडून असतात. साठ फुटी प्लॉटच्या वस्तीत निम्मेच लोक राहायला आले, तर राहत्या घरामागे येणारी पाइपलाइन दाट वस्तीच्या सहापट होते.

पाइप जितका लांब तितके सांधे जास्त, आणि सांधे जास्त तितकी गळती जास्त. ज्या भागात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ज्या भागात पाण्याअभावी 2015 साली परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, त्या भागात ही गोष्ट किरकोळ नाही. उन्हाळ्यात टँकर आला की गावठाणात तो एका विहिरीत किंवा टाकीत रिकामा करता येतो. पांगलेल्या वस्तीत त्याला दारोदार फिरावे लागते आणि शेवटच्या गल्लीपर्यंत पाणी उरत नाही. पुण्यासारख्या श्रीमंत महापालिकेचे उदाहरण समोर आहे. 2021 मध्ये 23 गावे सामावून घेतल्यावर तिची हद्द 500 चौरस किलोमीटरांच्या पुढे गेली, आणि समाविष्ट गावांतल्या कित्येक सोसायट्या टँकरवर जगत राहिल्या. पुण्याला जे पेलत नाही ते आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला कसे पेलणार?

“दाटीमुळेच किल्लारीत माणसे गेली.”

हा गैरसमज आपल्या भागात सर्वांत खोल रुजलेला आहे, आणि तो दुःखातून आलेला असल्यामुळे त्याच्याकडे आदराने पाहिले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत, चार वाजायच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. बोळी ढिगाऱ्यांनी बुजल्या आणि मदत आत पोहोचायला वेळ लागला, हे खरे आहे. पण माणसे मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी.

त्या घरांची रचना जवळून पाहण्यासारखी होती. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, पण ती एकसंध नसे. आतला एक थर, बाहेरचा एक थर, मध्ये बारीक दगड आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. वर लाकडी तुळयांवर दरवर्षी मातीचा थर चढवून जडशीळ झालेले माळवद. जमीन हलली तशी भिंत मधोमध उकलली, बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत पडला आणि माळवद खाली आले. जिथे खणांचा लाकडी सांगाडा भक्कम होता आणि माळवदाचा भार भिंतीऐवजी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही छत टिकल्याची उदाहरणे अभियंत्यांनी नोंदवली आहेत. आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छत, हे त्यावरचे उपाय. घरे एकमेकांपासून लांब नेली म्हणून कच्ची भिंत पक्की होत नाही.

तरीही पुनर्वसनात नेमके तेच झाले. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी हलवली गेली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे, सुटे प्लॉट, सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते. घरे भूकंपाला टिकणारी झाली, हे मोठे यश आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण नवी गावे जुन्या गावांच्या कित्येक पट जागेवर पसरली. त्या लांबलचक रस्त्यांची डागडुजी, दिव्यांचे बिल, पाण्याची लाइन, सगळे नंतर ग्रामपंचायतींच्या गळ्यात आले. भावकी आणि शेजार विखुरला. शेत लांब पडले, देऊळ लांब पडले, म्हातारी माणसे ओट्यावरच्या गप्पांना मुकली. पुढे लोकांनी स्वतःच मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्या काढल्या, कंपाउंडच्या भिंती घातल्या, जनावरांची सोय केली आणि आखणीकारांनी काढून घेतलेली जवळीक आपल्या हातांनी थोडीफार परत आणली. आटोपशीर वस्ती म्हणजे काय याचा इतका मोठा धडा आपल्या दारात असताना आपण तो शिकत नाही, याची खंत वाटते.

“दाट वस्ती म्हणजे झोपडपट्टी.”

एका हेक्टरवर किती लोक राहतात ती दाटी, आणि एका खोलीत किती लोक झोपतात ती गर्दी. आजार पसरतो, मुलांचा अभ्यास होत नाही, बायकांना आडोसा मिळत नाही, ते गर्दीमुळे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईतली सुमारे 42 टक्के माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांचा त्रास दहा बाय दहाच्या खोलीचा, सामायिक संडासाचा आणि तुंबलेल्या गटाराचा आहे. परवडणारे घर पुरेसे बांधलेच गेले नाही, म्हणून आहे त्या खोलीत माणसे वाढत गेली. पॅरिसमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 20 हजार माणसे राहतात. त्या शहराला कोणी झोपडपट्टी म्हणत नाही, कारण तिथे पाणी, मलनिस्सारण, मेट्रो आणि बागा दाटीच्या हिशेबाने बांधल्या आहेत.

त्याच पॅरिसमुळे आणखी एक समजूत खोटी ठरते, की आटोपशीर म्हणजे टॉवर. तिथल्या बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत. बार्सिलोनाचा नियोजनकार सेर्दाने केलेला 1859 चा आराखडा, गिरगावच्या तीन-चार मजली चाळी, पुण्याच्या पेठांतले वाडे, सगळे दाट आणि सगळे टॉवरविना. टॉवरला तर भोवती मोकळी जागा, पार्किंग, अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता असे बरेच सोडावे लागते. धर्मापुरीएवढ्या गावाला दोन मजली, सामायिक भिंतीची, मागे छोटे अंगण असलेली घरे पुरेशी आहेत. चटई क्षेत्र वाढवून मजले चढवायचे आणि नाली जुनीच ठेवायची, याला आटोपशीर नियोजन म्हणता येणार नाही.

“मोकळी वस्ती थंड आणि हवेशीर असते.”

कोकणात असेल. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घराला वाऱ्याइतकीच सावलीची गरज असते. सुट्या घराच्या चारही भिंती उन्हात तापतात. ओळीतल्या घराच्या दोन भिंती शेजाऱ्याच्या आड असतात. अरुंद बोळीत दिवसाचा बराच वेळ एका बाजूची सावली असते, आणि झाड नसलेला रुंद सिमेंट रस्ता रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. मात्र दाट वस्तीतही चौक, मैदान, झाडे हवीतच. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नकाशावर दिसते. प्रत्यक्षात तिथे झाडे आहेत की कचऱ्याचा ढीग, ते आपण जाऊन बघितले पाहिजे.

“फाट्यावर राहिलो तर सोय होते.”

ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याची होते. शाळा एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या, बँक तिसऱ्या टोकाला गेली की घरातली गाडी न चालवणारी माणसे दुसऱ्यावर अवलंबून राहतात, आणि ती बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी असतात. पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या अभ्यासकांनी 1989 साली जगातल्या मोठ्या शहरांची आकडेवारी मांडून दाखवले, की विरळ शहरांत माणशी पेट्रोल कितीतरी जास्त जळते. त्या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती: नुसती दाटी करून पेट्रोल वाचत नाही, रोजची कामे जवळ असावी लागतात आणि एसटी वेळेवर यावी लागते. लातूरची गंजगोलाई पाहा. गोल बाजारपेठेतून सोळा रस्ते फुटतात, सराफा, कापड, भुसार सगळे चालत गाठता येते. शंभर वर्षांपूर्वीची ही आखणी आहे आणि अजून रोज वापरात आहे.

आता आटोपशीर वस्तीचा खरा कच्चा दुवा. दाट गावठाणात घरोघरी संडास झाले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण प्रत्येकाचा शोषखड्डा आणि प्रत्येकाचा बोअर एकाच इवल्याशा अंगणात आले. शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांच्यात किमान दहा-पंधरा मीटर अंतर असावे असे सांगितले जाते. गावठाणात तेवढे अख्खे घर नसते. खाली फुटलेला काळा दगड असेल तर मैला गाळला न जाता भेगांतून थेट पाण्यात उतरू शकतो. म्हणून दाट वस्तीला बंद नाली, एकत्रित मलजल प्रक्रिया आणि नळाचे तपासलेले पाणी लागतेच, त्यात तडजोड नाही. पण हेही लक्षात घ्या, की अशी नाली परवडते तीसुद्धा दाट वस्तीलाच. शंभर घरे हजार फुटांत असतील तर ती बांधता येते. तीन हजार फुटांत असतील तर अंदाजपत्रकच मंजूर होत नाही.

जमिनीचा मुद्दा वेगळा समजावण्याची गरज नाही. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा असतानाही गुंठ्या-गुंठ्याने रान विकले गेले, आणि 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. प्लॉट पडलेली काळी जमीन पुन्हा शेतीखाली आल्याचे कुठे दिसत नाही.

मग करायचे काय? आधी गावठाणातल्या पडक्या जागा राहत्या करायच्या. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. हद्द कागदावर आली की वारसांची वाटणी, विक्री आणि बँकेचे कर्ज सोपे होते आणि पडका वाडा पुन्हा बांधला जाऊ शकतो. गावठाण वाढवायचेच असेल तर ते जुन्या वस्तीला लागून, पडीक जमिनीवर वाढवावे. तिसऱ्या किलोमीटरवरच्या उसाच्या फडात उडी मारू नये.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते. पुढच्या सभेत नव्या लेआउटचा विषय निघाला, तर कमानीचा रंग आणि प्लॉटचा भाव बाजूला ठेवून सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तीनच गोष्टी विचारा: इथवर पाण्याची लाइन किती फूट लागणार, तिचा खर्च कोण देणार, आणि दहा वर्षांनी ती फुटली तर दुरुस्तीला पैसे कुठून येणार. उत्तर लेखी घ्या आणि मगच ठरावाला हात वर करा.