मुलाचे ऋण, पित्याची सही

जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हा समर्थ सहकारी साखर कारखान्याचा परिसर. येथील शेतकऱ्याच्या घरी पैसा येतो तो उसाच्या हंगामाने. गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि ऊस घातल्यावर चौदा दिवसांत किमान दर मिळावा असे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्या मात्र श्रावण-भाद्रपदात लागतात आणि शुल्कही तेव्हाच भरावे लागते. द्यायचे श्रावणात आणि मिळायचे मार्गशीर्षात, या खिंडीत सापडलेला बाप बँकेच्या दारी जातो. शहरातील पगारदार गृहस्थाची तऱ्हा फारशी निराळी नाही. त्याच्या पगाराला हंगाम नसतो, इतकेच.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेला २००१ साली आरंभ झाला. कर्ज विद्यार्थ्याचे म्हणवले जात असले तरी आई किंवा वडील त्यात सहकर्जदार असतात. या शब्दाचा अर्थ किती पालकांना समजावून सांगितला जातो, याची आम्हास शंकाच आहे. सहकर्जदार हा नुसता साक्षीदार नव्हे. मुलाने हप्ता चुकवला तर तो पित्याने चुकवल्यासारखाच असतो, आणि थकबाकीची नोंद दोघांच्याही पतपुस्तकात होते.

येथे एक विलक्षण उलटापालट झाली आहे. हिंदु धर्मशास्त्राने बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले होते. मुंबई इलाख्यात १८६६च्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली, आणि २००५च्या दुरुस्तीने, त्यापुढील कर्जांबाबत, केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारे मुलाला जबाबदार धरण्याची वाट बंद झाली. पुत्राची अशी सुटका होत असताना पिता मात्र पुत्राच्या ऋणात अडकला. तोही धर्माने नव्हे, स्वतःच्या सहीने!

पूर्वी गरिबाचा मुलगा शिकत नसे असे नाही. तो माधुकरी मागे, वार लावून जेवे. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात श्रम करून शिके. त्या व्यवस्थेत अपमानही होते आणि जातीच्या भिंतीही होत्या. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिचा भार अनेक घरांनी वाटून घेतला होता. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. जागा वाढल्या, परराज्यांत जाणारी मुले इथेच शिकू लागली, हे मान्य केलेच पाहिजे. पण शिक्षणाचा खर्च समाजाच्या खांद्यावरून उतरून एकेका कुटुंबाच्या खांद्यावर आला तो याच वाटेने.

आता आकडे पाहावेत. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी आरंभी दीड लाख याप्रमाणे सहा लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. अभ्यासक्रम संपून एक वर्ष लोटेपर्यंत हप्ता नाही. म्हणून पालक निश्चिंत असतो. व्याज मात्र साचत असते. सरळव्याजानेदेखील पाचव्या वर्षाअखेर ते दोन लाख दहा हजार होते. फेड सुरू होते ती आठ लाख दहा हजारांची, आणि दहा वर्षे दरमहा सुमारे दहा हजार सातशे रुपये द्यावे लागतात. नव्या पदवीधराच्या पहिल्या पगारातून एवढी रक्कम निघेल काय?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क माफ झाले. त्याच वर्षी मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. पण ती निवडक, गुणानुक्रमाने वरच्या संस्थांपुरती आहे. शिवाय खोलीभाडे आणि खाणावळ कोणती माफी भरून काढणार?

आमच्या मते ऑस्ट्रेलियाने १९८९ साली स्वीकारलेला मार्ग विचारार्ह आहे. तेथे शुल्काचे ऋण विद्यार्थ्याचे स्वतःचे असते आणि त्याचे उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच ते करवसुलीबरोबर वसूल होते. नोकरी नसेल तर वसुलीही नसते, आणि बापाची सही लागत नाही. आपल्याकडे असंघटित रोजगार मोठा असल्याने हे जसेच्या तसे चालणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी निदान मुलाला नोकरी लागेपर्यंत पित्याच्या पतपुस्तकाला डाग लागू नये, एवढी तरतूद अशक्य नाही.

कुटुंबाकडूनही एक अपेक्षा आहे. ‘पोराच्या डोक्याला ताप नको’ म्हणून कर्जाची रक्कम त्याच्यापासून लपवणारे बाप घरोघर आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला मताचा अधिकार मिळतो. मग त्याला आपल्या नावावरचा आकडा का कळू नये? आणि थोरल्या मुलाचे कर्ज फेडता फेडता धाकट्या मुलीचे शिक्षण जवळच्या, स्वस्त महाविद्यालयावर भागवले जाते, तो हिशेबही त्याच बैठकीत तिच्यासमोर मांडला जावा. बँकांनी तर सही घेण्यापूर्वी, फेडीच्या पहिल्या दिवशी देणे किती असेल तो आकडा मराठीत, ठळक अक्षरांत, दोघांच्या हाती लेखी द्यावा. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.